दोन भाषांच्या घरात बोलायला उशीर?

प्रश्न: माझी मुलगी 20 महिन्यांची आहे. आई, भूभू, दे, उदक असे सातच शब्द बोलते. बाकी सगळं बोट दाखवून ‘अं-अं’. मी मूळची कोल्हापूरची, तिच्याशी मराठीत बोलते, सासूबाई कोकणीत. त्यामुळे ती गोंधळते, घरात एकच भाषा ठेवा, असं शेजारी सांगतात. काय करावं? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: कोकणी मुळीच बंद करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. आजीने अडखळत मराठी बोलण्यापेक्षा आपल्या कोकणीत भरभरून बोललेलं केव्हाही बरं. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरा. ‘उदक’ आणि ‘पाणी’ हे दोन शब्द झाले.

ती बोट दाखवते, ही चांगली खूण. मात्र बोट वळायच्या आत वस्तू हातात पडली, की बोलायची संधी हुकते. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की तिला दारात न्या. ती पावाकडे बघू लागली की समोर उकिडवं बसा, ‘पाव’ म्हणा आणि गप्प राहा. मनात सावकाश पाच आकडे मोजा. मोठ्यांना नेमकं हेच जमत नाही! ‘पा’ आलं, नुसती तुमच्याकडे नजर आली, तरी पाव लगेच द्या आणि एक शब्द वाढवा: ‘गरम पाव’. ‘आधी म्हण, मगच देते’ असं अडवून धरलं तर मूल चिडतं, आणि शब्द राहतो बाजूला. ‘हे काय, ते काय’ ही परीक्षाही नको. त्याऐवजी दोन हातांत दोन वस्तू धरून विचारा: ‘केळं की पाव?’

जेवताना मोबाइल नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार या वयात बसून स्क्रीन बघणं टाळायचं असतं.

तरीही सात शब्द या वयाला कमी आहेत. दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि ‘आई दे’सारख्या जोड्या अपेक्षित असतात. म्हणून कानांची तपासणी आत्ताच करा. टाळीला वळते म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तर मोठे आवाज कळतात, हळू बोलणं निसटतं. जन्मानंतरची चाचणी ठीक आली असली तरी हे पुढे होऊ शकतं. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कान-नाक-घसा विभागात दाखवा. येत असलेले शब्द नाहीसे होऊ लागले, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला एक दिवसही थांबू नका.

जाताना तिच्या शब्दांची यादी न्या, त्यात आजीला विचारून कोकणी शब्दही लिहा. ती घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओही असू द्या. दवाखान्यात मुलं बहुधा तोंड उघडत नाहीत.