नागपूरच्या मानेवाड्यात डिस्लेक्सियाबद्दल (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण) जागृती करायची आहे, सुरुवात कुठून करू?

सुरुवात शाळेच्या पालकसभेतून करा, पोस्टर लावून नाही. मूल वाचनात मागे पडतंय हे आधी वर्गशिक्षकांच्या लक्षात येतं, आणि ‘आळशी’ हा शिक्काही बहुतेक तिथेच बसतो. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून जुलैअखेरची सभा धरा; तोवर वह्या थोड्या भरलेल्या असतात. भाषण दहा मिनिटं पुरे. बाकी वेळ एक खरी वही दाखवा (घरच्यांची परवानगी घेऊन, नाव झाकून): घ-धची अदलाबदल, भचा म, गळलेल्या वेलांट्या, अर्धवट जोडाक्षरं. तोंडी विचारलं तर तेच मूल उत्तर फाडफाड सांगतं, हेही सांगा. हा फरक पाहिला की पालकांना लवकर पटतं. सोबत एवढं छापून द्या:

- २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते; डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार.
- या अक्षमतेचं प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात.

मात्र वही पाहून कुणीही निदान करू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतरच मिळतं. वाचनाची मदत मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका, ती पहिलीपासूनच हवी.