नव्या विश्वासणाऱ्याने लौकिक गाणी ऐकावीत का?

प्रिय बंधू, बाप्तिस्मा झाल्यावर जुनी सारी लौकिक, म्हणजे भक्तिपर नसलेली, गाणी मोबाइलमधून पुसून टाकावीत का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते एवढी घाई करू नये. पवित्र शास्त्रात लौकिक संगीताला सरसकट मनाई कुठेही नाही. उत्पत्तीच्या ४ थ्या अध्यायात वीणा वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून येणारा यूबाल हा भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशातला आहे, तरी पुढे दाविदाने तेच वाद्य हाती घेऊन बेचैन झालेल्या शौल राजाला स्वस्थता दिली. आणि प्रेषित पौलाने तर अथेनैत (अथेन्स शहरात) बोलताना ग्रीक कवींचेच वचन आधाराला घेतले (प्रेषितांची कृत्ये १७:२८).

मात्र मोकळीक असली तरी सर्वच गोष्टी हितकारक नसतात, हेही त्याच पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या पत्रात बजावले आहे. म्हणून चालीपेक्षा शब्दांकडे लक्ष द्यावे: विरहाचे किंवा पावसाचे गाणे निरुपद्रवी असते, पण व्यभिचाराची वा सूडाची फुशारकी मारणारे कडवे प्रार्थनेला बसल्यावरही डोक्यात घोळू लागले, तर ते गाणे बाजूला ठेवावे. (ठेक्यालाच सैतानी ठरवणाऱ्यांशी मात्र वाद घालत बसू नये, त्यातून हाती काहीच लागत नाही.) मंडळीतील एखाद्या बंधूला अशा गाण्यांमुळे जुन्या व्यसनाची ओढ लागत असेल, तर त्याच्यादेखत ती लावू नयेत; त्यासाठी रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय सावकाश वाचावा.