सोलो उतरवलास, आता गाणं ऐक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ ऐकलं. त्यातला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, तू सुरासुरानिशी उतरवला आहेस, स्लाइडच्या (तारांवर नळी सरकवून वाजवायच्या) तुकड्यातही सूर कुठे हलत नाही. ही मेहनत पाहून फार बरं वाटलं. पण तू स्पष्ट मत मागितलं आहेस म्हणून सांगतो, कार्यक्रमात हे असंच वाजवू नका.

मूळ गाणं गायक-गीतकार बॉब डिलनचं, १९६७ सालच्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बममधलं. ते नीट ऐक. एक गिटार, बेस, ड्रम आणि कडव्यांच्या मध्ये हार्मोनिका. तीनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), शेवटपर्यंत त्याच क्रमाने. कोरस, म्हणजे धृपद, नाहीच. अडीच मिनिटांत आटोपतं, आणि अगदी शेवटी दोन घोडेस्वार लांबून येताना दिसतात, वारा घोंघावू लागतो. जिथे गोष्ट सुरू व्हायला हवी तिथेच डिलन थांबतो, तेही आवाज जराही न चढवता. हेंड्रिक्सने १९६८च्या जानेवारीत लंडनमध्ये याचं रेकॉर्डिंग सुरू केलं, तेव्हा त्याने तो वारा उचलला असं मला वाटतं. त्याच्या मधल्या लांब सोलोचे चार भाग तुला पाठच आहेत: आधी साधी गिटार, मग स्लाइड, मग पायाने दाबायच्या ‘वाह-वाह’ पेडलचा आवाज, मग कॉर्डचे फटकारे. हे चार भाग म्हणजे वादळ टप्प्याटप्प्याने जवळ येणं आहे. तुझ्या वाजवण्यात चारही भाग बिनचूक आले, पण पहिल्या भागातच तू सगळा जोर लावून मोकळी झालीस. मग पुढे येणार काय? पुढे खुद्द डिलनही हे गाणं मंचावर हेंड्रिक्सच्या अंगाने वाजवू लागला, यावरून हेंड्रिक्सने त्यात किती शोधून काढलं होतं ते समज.

‘मूळ तेच खरं, बाकी नकला’ असं तुमचा ड्रमर म्हणतो, हे तू लिहिलंस. त्याला ‘सॅटिस्फॅक्शन’ ऐकव. रोलिंग स्टोन्सचं ते गाणं १९६५चं. त्यातला तो फझ (गिटारचा आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावलेला रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी धून, त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या डोक्यात ट्रम्पेट-सॅक्सोफोनसाठी होता. गिटारवर त्याने तो तात्पुरता वाजवून ठेवला, आणि तीच रेकॉर्ड बाजारात गेली. त्याच वर्षी सोल गायक ओटिस रेडिंगने हे गाणं गायलं आणि रिफ थेट ब्रासकडे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांकडे दिला. आता यात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली? मला स्टोन्सचंच जास्त आवडतं, कारण त्या फझच्या करकरीत जी चीड आहे ती ओटिसच्या झळझळीत ब्रासमध्ये नाही. पण हे मत दोन्ही ऐकून बनलं आहे. आधी कोण आलं एवढ्यावरून मत बनवायचं नसतं.

गंमत म्हणजे दोनच वर्षांत ओटिसच्याच बाबतीत उलटं घडलं. ‘रिस्पेक्ट’ त्याचं, १९६५चं. कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो आहे, आणि गातो झकास. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते घेतलं. आता मागणारी बाई आहे, आणि एवढ्याने बऱ्याच ओळींचं वजन बदलतं. शिवाय ती एकेक अक्षर सुटं करून ‘रिस्पेक्ट’ हा शब्द उच्चारते, ते ओटिसच्या गाण्यात नव्हतंच, आणि मागे तिच्या बहिणी साथ देतात. ओटिस विनवतो, ती बजावते. तू गाणारी आहेस, म्हणून हे उदाहरण तुझ्यासाठी सगळ्यात मोलाचं. गाणं निवडलंस की आधी ठरव, हे कोण बोलतंय आणि कोणाला.

जो कॉकरचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ ऐकलं नसशील तर आजच ऐक. मूळ गाणं बीटल्सचं, तिथे त्यांचा ड्रमर रिंगो ते चारच्या सरळ ठेक्यात, मजेत गातो. कॉकरने लय ओढून संथ केली आणि ठेका तीनच्या झोकात नेला. शब्द जवळपास तेच राहिले, पण मित्रांची मदत इथे जीव वाचवायला लागते आहे.

न आवडलेलंही सांगतो. ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ डिलनने १९७३ मध्ये एका चित्रपटासाठी केलं, मरणाऱ्या माणसासाठी, अडीच मिनिटांचं. गन्स अँड रोझेसने ते दुपटीहून लांब केलं. गिटार सुरेख आहे, नाकारत नाही. पण मरणाऱ्याच्या अंगात इतकी ताकद कुठून आली हे मला आजवर कळलेलं नाही. याउलट नाइन इंच नेल्सचं १९९४चं ‘हर्ट’ २००२ मध्ये जॉनी कॅशने गायलं, तेव्हा तो सत्तरीत होता आणि प्रकृती ढासळली होती. त्याने थरथरता आवाज लपवला नाही. म्हणून त्यातला पश्चात्ताप आयुष्यभराचा वाटतो.

तेव्हा असं कर. हेंड्रिक्सचा सोलो घरी रोज वाजव, बोटं त्यानेच तयार होतील. बँडबरोबर मात्र आठवडाभर फक्त डिलनचे ते तीन कॉर्ड वाजवा, सोलोशिवाय. तुझी पट्टी दोन सूर खाली घे. आत्ता तू वरच्या सुरांशी झगडते आहेस, आणि त्या नादात शब्द गिळले जातात. ड्रमरला पहिल्या कडव्यात झांजांना हात लावू देऊ नकोस. तिसऱ्या कडव्यानंतर तुला आतून काही वाजवावंसं वाटलं तर वाजव, आठ मात्रांचं असलं तरी चालेल. नाही वाटलं तर तिथेच थांबा, डिलनही तिथेच थांबला होता. ते रेकॉर्डिंग मला पाठव, आणि गिटारपेक्षा तुझा आवाज जरा पुढे ठेव.

तुझा,
काका