शिबिरात निघालेली शुगर रक्तातली की बोटावरची?

प्रश्न: तासगावजवळच्या आमच्या गावात चैत्रातल्या यात्रेला मंडळातर्फे मोफत बीपी-शुगर तपासणी ठेवतोय. मशिनं किती लागतील?

उत्तर: बीपीची दोन, ग्लुकोमीटर एक. चार तासांत साठ-सत्तर माणसं नीट होतात. मंडळांना मात्र ‘तीनशे जणांची तपासणी’ अशी बातमी हवी असते, आणि तिथंच माझं त्यांच्याशी वाजतं.

मशिनाआधी पाण्याची बादली, साबण आणि स्वच्छ फडकं ठेवा. तेव्हा बेदाण्याचे दिवस असतात. शेडवरून उठून आलेल्या बाईच्या बोटाला द्राक्षाची साखर चिकटलेली असते. तसंच टोचलं की ती थेंबात मिसळते आणि शंभरची शुगर अडीचशे दिसते. स्पिरिटचा बोळा फिरवून ती जात नाही, हात धुवावेच लागतात. गुऱ्हाळावरच्या माणसाचंही तेच. बोट ओलं राहिलं तर उलटं होतं, रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. जास्त आली तर हात पुन्हा धुवून दुसऱ्या बोटाला टोचा, मगच सांगा. नाहीतर बाई घरी जाऊन भात सोडते आणि शेजारीण तिला कारल्याचा रस पाजत बसते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका. एक काढली की झाकण लगेच लावा. टोचायची सुई माणसागणिक नवी, वापरलेली जाड पांढऱ्या डब्यात.

बीपीला पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवायचं, दंड छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोन वेळा मोजा, मध्ये एक मिनिट सोडून. पैलवानी दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून मोठा पट्टा वेगळा घ्या. फ्लेक्सच्या पैशात येतो.

१४०/९० किंवा शुगर १४० च्या वर गेलेल्यांची नावं, फोन, वस्ती वहीत लिहून त्याच दिवशी आशाताईंकडे द्या. एका मोजणीवर कुणाला पेशंट ठरवू नका. उपकेंद्रात दुसऱ्या दिवशी बीपी आणि उपाशीपोटी शुगर पुन्हा बघू दे. वही नसेल तर शिबिर घेऊच नका, नुसता मांडव होतो तो.

हां, १८०/११० च्या वर कुणी निघालं तर वहीची वाट बघू नका, तेव्हाच गाडीत घालून दवाखान्यात न्या. आणि तहान-लघवी वाढलेल्या, वजन घटलेल्या माणसाला आकडा कमी आला तरी पाठवा.