वसुलीच्या नोटिशीत आपले नाव कोणत्या नात्याने आले आहे, ते आधी पाहा

ताई, तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते. मुलगा सोळा वर्षांचा असताना तुमच्या नावावरची १२५ सीसीची स्कूटर घेऊन बाहेर पडला आणि त्याची एका वृद्ध पादचाऱ्याला धडक बसली. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. बाल न्याय मंडळाने मुलाला समुपदेशन, काही तासांची समाजसेवा आणि ५,००० रुपये दंड असा आदेश दिला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने जखमींना ६,४०,००० रुपये व्याजासह मंजूर केले आणि रक्कम विमा कंपनीने आधी भरावी व मग गाडीमालकाकडून वसूल करावी, असे निवाड्यात लिहिले. त्याला पाच महिने झाले असून आता कंपनीची दरखास्त, म्हणजे निवाड्याची रक्कम वसूल करण्यासाठी न्यायालयात केलेला अर्ज, तुमच्या हाती पडली आहे. पती वेगळे राहतात. चूक मुलाची आहे, तो सज्ञान झाला की त्याच्याकडून वसुली होईल, आईचा संबंध नाही, असे नातेवाईक सांगत आहेत. हे खरे आहे का आणि मुलाच्या नावावरचा जमिनीचा तुकडा विकून हे फेडता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी जिल्हा न्यायालयात गेली २२ वर्षे अपघाताच्या दाव्यांची कामे चालवते. नातेवाईकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि तुमचा धोका उरलेल्या अर्ध्यात आहे. केवळ आई किंवा वडील आहोत म्हणून मुलाने केलेल्या नुकसानीची भरपाई आपल्या खिशातून द्यावी लागते, असा सर्वसाधारण नियम आपल्याकडच्या दिवाणी कायद्यात नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलावर नुकसानीचा दावा होऊ शकतो. अशा दाव्यात त्याच्या वतीने उभे राहण्यासाठी न्यायालय पालक नेमते, पण त्या नात्याने नाव आल्यामुळे पालकाची स्वतःची मालमत्ता बांधली जात नाही. आईवडील अडकतात ते त्यांच्या स्वतःच्या कृतीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे, आणि गाडीच्या बाबतीत मालकीमुळे. म्हणून निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन पहिल्या पानावरचा पक्षकारांचा तपशील वाचा. तिथे तुमचे नाव बहुधा दोनदा असेल: एकदा मुलाच्या नावाखाली ‘अज्ञान, पालनकर्ती आई’ म्हणून आणि एकदा ‘वाहनमालक’ म्हणून. पहिल्या नोंदीने तुमच्यावर पैशाचा बोजा येत नाही, दुसरीने येतो. शेवटच्या पानावरच्या आदेशात ‘मालकाकडून वसूल करावे’ हे शब्द असतील, तर ही वसुली तुमच्यावर गाडीमालक म्हणून आहे आणि मुलगा अठरा वर्षांचा होण्याची वाट ती पाहणार नाही.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे ती व्यक्ती, आणि नोंदणी अज्ञानाच्या नावावर असेल तर त्याचा पालक. दहावीच्या निकालाची भेट म्हणून गाडी मुलाच्याच नावावर घेतली की आपण मोकळे, असे समजणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांची सुटका या व्याख्येतच संपते. गाडी विकली पण मालकीबदलाचे फॉर्म २९ आणि ३० आरटीओत दिलेच नाहीत, अशा मालकांचेही तेच होते, कारण नोंदवहीत नाव त्यांचेच राहिलेले असते. तुमचे पती मात्र या निवाड्यात मालक नाहीत आणि चालकही नाहीत. केवळ वडील म्हणून कंपनी त्यांच्याकडे जाऊ शकणार नाही. त्यांनी वाटा उचलावा हे न्याय्य असले, तरी तो तुमच्या दोघांमधला प्रश्न आहे आणि त्यासाठी ही दरखास्त थांबणार नाही.

‘किल्ली दाराच्या मागच्या खिळ्याला होती, मी कामावर होते, त्याने न विचारता घेतली,’ असे तुम्ही लिहिले आहे. मला ते खरे वाटते, पण भरपाईच्या बाबतीत याचा उपयोग फार थोडा होईल. सर्वोच्च न्यायालयापुढे २०११ साली असेच प्रकरण आले होते. अल्पवयीन पुतण्याने किल्ली संमतीशिवाय नेली, असे मोटारसायकलच्या मालकाचे म्हणणे होते. परवाना नसलेल्याच्या हाती आपली गाडी जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी मालकाचीच, असे म्हणून न्यायालयाने विमा कंपनीला दिलेला वसुलीचा अधिकार कायम ठेवला. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळू शकतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, त्यामुळे १२५ सीसीच्या स्कूटरबाबत वाद घालायला जागाच उरत नाही.

हीच किल्लीची गोष्ट दुसऱ्या एका ठिकाणी मात्र मोलाची ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आले. अज्ञानाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. गाडी पालकाच्या संमतीनेच दिली होती, असे न्यायालय गृहीत धरते. हे आपल्याला माहीत नव्हते किंवा ते घडू नये म्हणून आपण सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीने दोघांचा बळी गेला, तेव्हा मुलाच्या गुन्ह्यासाठी बापाला कसे पकडले, असे पुष्कळांनी विचारले होते. वडिलांवरचा तो गुन्हा अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याचा होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कृतीचा. तुमच्यावर असा खटला दाखल आहे का, याची आजच पोलीस ठाण्यात चौकशी करा. असेल तर तिथले म्हणणे आणि दरखास्तीतले म्हणणे एकच ठेवा. एका न्यायालयात ‘मला माहीत नव्हते’ आणि दुसऱ्यात ‘दूध आणायला मीच पाठवले होते’ असे लिहून दिलेल्या एका बाईंची उलटतपासणी मी ऐकली आहे. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये.

मंडळाच्या ५,००० रुपयांचा हिशेब वेगळा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मंडळ दंड भरण्याचा आदेश मुलाला, आईवडिलांना किंवा पालकाला देऊ शकते, त्यामुळे तुमच्या आदेशात कोणाचे नाव आहे तेवढे पाहून तो भरून टाका आणि पावती जपा. त्या दंडाने न्यायाधिकरणाची रक्कम कमी होत नाही. मुलाच्या पुढच्या आयुष्याची तुम्हाला जी चिंता आहे, तिच्यावर कायद्यात चांगले उत्तर आहे. मंडळाने निकाली काढलेल्या अशा प्रकरणामुळे त्याला नोकरी-शिक्षणात कोणतीही अपात्रता येत नाही, आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ही नोंद उघड करायची नसते. म्हणूनच त्याचे नाव, शाळा, गाव तुम्हीही कुठे लिहू नका. एक गोष्ट मात्र त्याला आत्ताच सांगा: कलम १९९अ प्रमाणे वयाच्या २५ वर्षांपर्यंत त्याला वाहन परवाना मिळणार नाही.

जमिनीबद्दल. सातबारावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ती आई) असे आहे, म्हणून ती विकण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे तुम्हाला वाटते. आजोबांनी दिलेली ती जमीन त्याच्या स्वतंत्र मालकीची असेल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पालकाला ती विकता येत नाही. परवानगी मिळायची तर विक्री मुलाच्या हिताची किंवा गरजेची असल्याचे दाखवावे लागते. आईवर निघालेली वसुली भागवण्यासाठी मुलाची जमीन विकणे हे त्याच्या हितात बसवणे फार अवघड आहे. परवानगीशिवाय केलेली विक्री तो सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो. तसेच घाबरून राहते घर भावाच्या नावे बक्षीसपत्राने करू नका. देणे चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण रद्द ठरवून घेण्याचा हक्क कंपनीला आहे, आणि त्या बक्षीसपत्रामुळे तुमच्या प्रामाणिकपणावरही शंका घेतली जाईल.

तुमचा पगार ३४,००० रुपये आहे. दिवाणी प्रक्रियेने जप्ती आली तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश रकमेला हात लागत नाही, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ११,००० रुपये कापले जातील. एकाच हुकूमनाम्यासाठी पगाराची अशी कपात एकंदर २४ महिन्यांपुढे चालत नाही, आणि भविष्य निर्वाह निधी जप्त होत नाही. मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण कपात थांबली तरी देणे उरते. शिवाय न्यायाधिकरणाकडून दाखला गेला तर जिल्हाधिकारी ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. व्याज किती आणि कधीपासून, तेही निवाड्यात पाहा. साडेसात टक्के दर धरला तर ६,४०,००० वर वर्षाला ४८,००० रुपये होतात.

अपिलाची मुदत ९० दिवसांची होती आणि ती उलटली आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि अपिलासाठी २५,००० रुपये किंवा निम्मी रक्कम, जी कमी असेल ती, आधी जमा करावी लागते. उपचारांची बिले फुगवलेली असतील किंवा वृद्ध गृहस्थांचीही काही चूक होती असे दिसत असेल, तरच त्या वाटेने जा. परवान्याच्या मुद्द्यावर अपिलात पैसे घालू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

तडजोडीची वाट मला अधिक चांगली वाटते. कंपनीच्या वकिलांना लेखी कळवा की वसुली नाकारत नाही, हप्ते हवेत, आणि प्रकरण राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवण्याची विनंती करा. व्याज सोडून मुद्दलावर तडजोड झालेली मी अनेकदा पाहिली आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री म्हणून मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशांबाबत सावध राहा. काही वर्षांपूर्वी एक टेम्पोचालक प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन माझ्याकडे आले होते. वसुलीला येणाऱ्या माणसाच्या हाती त्यांनी एकूण ९०,००० रुपये रोख दिले होते, पण एकाही रकमेची पुरसिस, म्हणजे पैसे मिळाल्याचे न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, दरखास्तीत दाखल नव्हती आणि तशी नोंद करून घेण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली होती. दरखास्त न्यायालयाने ती रक्कम धरली नाही आणि त्यांना ती पुन्हा भरावी लागली. म्हणून प्रत्येक हप्ता धनादेशाने किंवा बँकेतून द्या, त्याच महिन्यात कंपनीच्या वकिलांची सही घेऊन पुरसिस दाखल करा, आणि शेवटच्या हप्त्यानंतर दरखास्त पूर्ण वसुलीने निकाली निघाल्याचा आदेश हातात घेतल्याशिवाय फाईल बंद करू नका.

नोटिशीवरच्या तारखेला स्वतः हजर राहा. निवाडा, मंडळाचा आदेश, आरसी बुक, विमा पॉलिसी, पगारपत्रक आणि सातबारा सोबत न्या, आणि वकीलपत्र झाले नसेल तर म्हणणे देण्यासाठी मुदत मागा.