एकाच जिमच्या दोन संघांतून खेळावे का?

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी स्पर्धात्मक चीअरलीडिंगमध्ये लेव्हल ३ च्या संघात (लेव्हलचा आकडा जितका मोठा, तितकी कौशल्ये अवघड) बेस, म्हणजे खाली उभी राहून सहकारी मुलीला उचलून धरणारी, आहे आणि आठवड्याला ९ तास सराव करते. जिमच्या लेव्हल २ च्या संघाला एक मुलगी कमी पडत असल्याने प्रशिक्षक तिला तिथेही बोलावत आहेत. मग सराव १४ तासांवर जाईल. तिची तयारी आहे, आम्हाला मात्र धास्ती वाटते. होकार द्यावा का?

उत्तर : दोन संघांतून उतरणाऱ्या खेळाडूंना या खेळात क्रॉसओव्हर म्हणतात, आणि लहान जिममध्ये त्यांच्यावाचून संघच उभे राहत नाहीत, त्यामुळे प्रशिक्षकांची मागणी वावगी नाही. तरीही आजच्या स्वरूपात होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्याला संघटित खेळात जाऊ नयेत आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी, असा मुलांच्या खेळाकडे पाहणाऱ्या तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. शिवाय बेसच्या मनगटांवर आणि कमरेवर पडणारा भार नुसत्या तासांत मोजता येत नाही, कारण स्टंट, म्हणजे सहकारी मुलीला वर उचलण्याची कसरत, नीट बसेपर्यंत तीच उचल पुनःपुन्हा करावी लागते.

खालच्या लेव्हलचे काम हलके असते, हा समजही खरा नाही. लेव्हल ३ मध्ये राउंडऑफ आणि बॅक हँडस्प्रिंग या हात टेकून घेतल्या जाणाऱ्या उड्यांना जोडून टक, म्हणजे गुडघे छातीशी घेऊन हवेतली मागची कोलांटी, मारण्याची सवय अंगात मुरलेली असते. लेव्हल २ मध्ये मात्र हात न टेकता हवेत घेतलेली कोलांटी नियमबाह्य असल्याने हँडस्प्रिंगवरच थांबावे लागते, आणि वेगाच्या भरात टक झालाच तर गुण साऱ्या संघाचे कापले जातात. त्यात तिचा घोटा मुरगळला, तर दोन्ही संघांतील स्टंट एकाच दिवशी नव्याने बसवावे लागतील, म्हणून बदली मुलगी कोण, हे आधीच ठरलेले असावे.

दुसऱ्या संघात तिला केवळ स्टंटपुरते घ्यावे, टम्बलिंगच्या (जमिनीवरच्या उड्या-कोलांट्यांच्या) सरावातून सूट देऊन एकूण तास १२ वर आणावेत आणि स्पर्धेच्या दिवशी दोन सादरीकरणांमध्ये दम घेण्याइतके अंतर आहे का, ते तपासावे, असे प्रशिक्षकांना सुचवा. त्यांनी हे मान्य केले, तर तिला आनंदाने पाठवा. तिच्या हौसेलाही मोल आहे. मात्र दुखणे सुरू झाल्यास कोणत्या संघाचा सराव आधी थांबवायचा, हे तिच्याशी बोलून आताच ठरवा. ऐन हंगामात, दोन्हीकडच्या मैत्रिणींसमोर, तो निर्णय तिच्या एकटीवर येऊ देऊ नका.