"काही राहिलं तर?"

"मॅडम, माझ्यामुळे सगळ्यांच्या सुट्टीचा विचका होणार." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकूंनी सांगून टाकलं. वय ५८. मे महिन्यात यजमान, मुलगा, सून आणि नातवाबरोबर मॉरिशसला जायचं होतं. पहिलाच परदेश प्रवास. निघायला अजून १६ दिवस होते आणि झोप आठवडाभर आधीच उडाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना इथे सुमनकाकू म्हणते.)

त्यांनी पर्समधून दिनदर्शिकेचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर यादी होती. जागा संपली तशी ती कडेकडेने वर चढलेली, तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेली. सुई-दोरा, नॅपकिन ११, कुलपं ३, लिंबाचं लोणचं, नातवासाठी हापूस एक डझन. मी बसल्या बसल्या मोजलं. एकूण ९४ वस्तू, आणि त्यात काकूंच्या स्वतःच्या फक्त १३.

सुट्ट्या जवळ आल्या की सामानात काही राहील ही चिंता घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरीच माणसं येतात, आणि त्यात घरातल्या बायकाच जास्त. मी विचारलं, "याआधी कधी काही राहिलं होतं का?" काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, बारा वर्षांपूर्वी काशीला जाताना यजमानांच्या बीपीच्या गोळ्या ओट्यावरच राहिल्या. उतरल्यावर औषधाच्या दुकानात मिळाल्या, काही बिघडलं नाही. पण गाडीत सगळ्या नातेवाइकांसमोर यजमान म्हणाले होते, "एवढंही तुझ्या लक्षात राहत नाही?" ते वाक्य काकूंनी आजवर जपून ठेवलं होतं. गोळ्या त्यांच्या, मग त्या भरायचं काम काकूंचं कधीपासून झालं, हे त्या घरात कुणाला कधी सुचलंच नव्हतं.

"काळजी करू नका" असं मी म्हणत नाही. काळजी करणाऱ्या माणसाला ते टोचतं. यादी टेबलावर पसरली आणि आम्ही दोघींनी मिळून तिचे तीन भाग पाडले. ज्याच्यावाचून प्रवास अडेल ते, लागेल पण तिथे विकत मिळेल ते, आणि केवळ भीतीपोटी घेतलेलं.

पहिल्या भागात फार थोडं उरलं. पासपोर्ट, तिकिटं, हॉटेलच्या बुकिंगचे कागद, पैसे, जास्तीचा चष्मा, औषधं. हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवायचं, कारण मोठी बॅग उशिरा पोचली तरी दिवस निभावतो. औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चार दिवसांची जास्तीची. पॉवर बँकही जवळच, ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. लोणच्याचं उलटं, ते हातातल्या बॅगेत चालत नाही. हापूस मात्र रद्द. ताजी फळं, भाज्या, बिया नेण्यावर तिथे कडक बंधनं आहेत.

एका ओळीशी मी थांबले. "झोपेच्या गोळ्या (वन्संनी दिलेल्या)." दुसऱ्याच्या नावावर लिहून दिलेल्या या गोळ्या काकू विमानात घेणार होत्या. एक तर त्या त्यांना चालतील की नाही हे माहीत नाही, आणि मॉरिशसला अशी औषधं नेण्याआधी परवानगी काढावी लागते. मी स्पष्ट सांगितलं, या घरीच ठेवा आणि झोपेचं तुमच्या डॉक्टरांशी बोला. आपल्याकडे नात्यातल्या नात्यात गोळ्या फार सहज फिरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

"पण तिकडे काही मिळालंच नाही तर?" काकूंना मॉरिशस म्हणजे निर्जन बेट वाटत होतं. मी सांगितलं की एकोणिसाव्या शतकात तिकडे गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे राहतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. औषधाची दुकानं आहेत, डाळ-तांदूळ मिळतो. काकू थोड्या सैलावल्या.

गंमत म्हणजे ९४ वस्तूंत शाल नव्हती. मे महिन्यात तिथला उन्हाळा सरत आलेला असतो, आणि गंगा तलाव या तिथल्या पवित्र तळ्याच्या उंच भागात गार वारा, पावसाची भुरभुर असते. पाण्यात घालायचे बूटही नव्हते, तळाशी प्रवाळाचे धारदार तुकडे आणि काटेरी जीव असतात. डासांचं मलम नव्हतं, प्लगसाठी चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर नव्हता. सगळं सामान मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं होतं, आणि त्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे. चिंतेने काशीची यादी केली होती, मॉरिशसची नाही.

पुढच्या भेटीला मी यजमानांना आणि मुलाला बोलावलं. ज्याची बॅग त्याने भरायची, एवढंच ठेवलं. यजमान आधी तुटकपणे म्हणाले, "मला कुठे काय सापडतं?" मग घरून आणलेला डबा उघडून त्यांनी गोळ्या माझ्यासमोरच मोजल्या, दोनदा. तिसऱ्या पाकिटाशी थांबून विचारलं, "तिकडे आठची गोळी किती वाजता घ्यायची?" मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे साडेसहाला. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात ते लिहून घेतलं. काकू त्यांच्या हाताकडे बघत बसल्या होत्या. त्यांना मी एकच गृहपाठ दिला. एक वस्तू मुद्दाम घरी ठेवायची, आणि चार दिवस आधी बंद केलेली बॅग पुन्हा उघडायची नाही. बऱ्याच विचाराने त्यांनी सुई-दोरा निवडला. बॅग एकदा उघडलीच, शालीसाठी.

परतल्यावर त्या भेटायला आल्या. पहिल्याच दिवशी मुलाचा चार्जर घरी राहिल्याचं लक्षात आलं. काकूंचा हात सवयीने पर्सकडे गेला. "आई, तुझ्याकडे जास्तीचा असेल ना?" मुलगा म्हणाला. काकू म्हणाल्या, "नाही रे. कोपऱ्यावर दुकान आहे बघ," आणि पुन्हा पाण्यात पाय सोडून बसल्या.